दुरुस्त वेळ

नोटांच्या छापखान्यात एकतीस वर्षं मी आकडे तपासले.
एक अंक केसभर सरकलेला दिसला
की अख्खा कागद बाजूला.
निवृत्तीनंतर गंगापूर धरणावर
क्लबानं मला एक शिट्टी दिली, एक घड्याळ
आणि निळ्या पुठ्ठ्याची वही.

शर्यत पाण्यावर होते, निकाल वहीत लागतो.
नव्या माणसाला हे पटत नाही.
डॉक्टर क्षेमकल्याणींनाही आत कुठेतरी पटत नसावं.
पहिले तेच येतात, दर रविवारी,
पुण्याहून ट्रेलरवर आणलेली फायबरची होडी,
शिडाला सुरकुती नाही.
धक्क्याला दोर बांधतात, चहा मागवतात,
विचारत काही नाहीत,
फक्त माझ्या पेन्सिलीकडे बघतात.
सहासष्ट मिनिटं. त्यांचा अंक अकराशे.
भागायचं, हजारानं गुणायचं:
साठ.
संथ होडीचा अंक मोठा. मोठ्या अंकानं भागलं
की वेळ आखडते, धुतलेल्या सुती सदऱ्यासारखी.

मग येतो सोमा बेंडकोळी.
होडी प्लायवुडची, सांध्यांना डांबर,
शीड म्हणजे मागच्या निवडणुकीचं फ्लेक्स.
वारा भरला की अर्धा चेहरा हसतो,
वळताना जबडा फडफडतो,
खाली नुसतंच ‘हार्दिक’.

ही होडी कुठल्याच तक्त्यात नव्हती.
मी लांबी मोजली. फ्लेक्सला टेप लावली.
वजनासाठी चौघांनी उचलली
आणि चौघांनी चार आकडे सांगितले.
चौदाशे लिहिलं. पेन्सिलीनं.

त्र्याऐंशी मिनिटांनी आला, सगळ्यांच्या मागे,
मासे भरलेली पिशवी पायाशी ठेवून.
भागाकार दोनदा केला:
एकोणसाठ मिनिटं, सतरा सेकंद.
डॉक्टरांचा चहा अर्धाच राहिला.

जिंकला की अंक कापायचा, नियमच आहे.
तेराशे साठ केला. जिंकला.
तेराशे दहा.
सोमा वहीत डोकावला, म्हणाला,
“साहेब, व्हडी तीच हाय.
तुमी माझं शानपन कापताय.”

सगळे धरणाच्या मधोमध वारा शोधत फिरतात,
हा एकटा डावा काठ धरतो, अंजनेरीच्या अंगाला.
का रे?
“तिथं वारा वळतो. खाली आमचा बांध हाय ना.”
बांध चाळीस फूट पाण्यात, वारा जातो वरून,
मी समजावून सांगितलं.
त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी फाटक्या नोटेकडे पाहायचो तसं.
“जातो वरनंच. पन वळतो तिथं.”

नियमांचं पुस्तक पुन्हा चाळलं.
लांबी, शीड, वजन, माणसं किती.
त्याच्या बांधाला रकाना नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी वारा मेला.
सात होड्या, आणि सातही उलट्या पाण्यात.
वल्हं मारायचं नाही, हाही नियम.
घड्याळाला मात्र कुणी सांगितलं नव्हतं.
वाहत वाहत डॉक्टरांची होडी
सोमाच्या होडीला जाऊन टेकली.
सोमा खाली बोट दाखवत होता.
डॉक्टर कडेवर ओणवे झाले,
चष्मा काढून हातात धरला,
आणि बराच वेळ तसेच.
काठावरून मला ऐकू आलं ते फक्त हसणं,
कुणाचं ते कळलं नाही.

एक तास चाळीस मिनिटांनी पाणी शहारलं.
पाच होड्या मधोमध धावल्या.
दोन डावीकडे.

त्या दोघांमागून कोण आलं ते वहीत आहे.
डॉक्टरांनी दोर बांधला, पेन्सिलीकडे पाहिलंच नाही.
म्हणाले, “बांधाच्या पलीकडे विहीर होती म्हणतो,
तिथं म्हणे हिवाळ्यात वारा लवकर उठतो.”

ते गेल्यावर मी वही उघडली,
अकराशे खोडले, हजार ऐंशी केले.
होडी तीच आहे.